घट बसायच्या आधी पसारा काढायचाय? मग पहिला फोन भंगारवाल्याला

गणपती गेले की पुढचं सगळं ठरलेलंच असतं, पक्ष पंधरवडा, मग सर्वपित्री आणि लगेच दुसऱ्या दिवशी घट. पंधरवड्यात बरेच जण खरेदी करत नाहीत, लग्न-मुंज-वास्तुशांत काही नसतं, म्हणजे शनिवार-रविवार मोकळे, आणि घट बसायच्या आत घर लख्ख झालं पाहिजे हा तर घराघरातला नियम. त्यात अर्थ आहेच, पावसाळाभर कपाटांना ओल धरलेली असते, पुस्तकांना कसर लागलेली असते, रव्याला जाळी धरलेली असते आणि आता कुठे कडक ऊन पडायला लागलेलं असतं. पण बहुतेक घरांत होतं काय, की सकाळी उत्साहात बादली, साबण, फडकी घेऊन सुरुवात होते आणि वर्षभरात ज्या डब्याला कुणी हात लावला नाही तो डबा घासूनपुसून, उन्हात वाळवून परत त्याच फळीवर ठेवला जातो. नको असलेल्या वस्तूंची एवढी इमानेइतबारे सेवा कशाला?

म्हणून पसारा काढणं आणि साफसफाई ही दोन कामं वेगळी करा. पहिल्या आठवड्यात फक्त पसारा, ओलं फडकं हातात घ्यायचंच नाही. दुसऱ्या आठवड्यात धुणं-पुसणं, आणि घरात सामानच कमी असलं की ते बघता बघता उरकतं.

आता पसारा काढायचा म्हणजे तीन ढीग करा, ठेवायचं, द्यायचं, टाकायचं, हे सगळेच सांगतात. ढीग करणं सोपंय हो. घोडं अडतं ते त्याच्या पुढे. ती "द्यायचं" वाली पिशवी दाराच्या मागे जाऊन बसते, येता-जाता पायात येते, मग कुणीतरी त्यातला एखादा शर्ट परत काढून घालतं, आणि दिवाळीला पाहुणे येणार म्हटल्यावर ती पिशवी उचलून जशीच्या तशी माळ्यावर. माझं स्पष्ट मत आहे की पसारा हा मन घट्ट न करण्यामुळे कमी आणि वस्तू बाहेर जायची सोय न लावल्यामुळे जास्त साठतो. त्यामुळे उलट्या टोकाने सुरुवात करायची. एकही कपाट उघडायच्या आधी कोणती वस्तू कुणाकडे, कोणत्या वारी जाणार हे ठरवायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाकायचं.

आधी बाहेरची सोय

रद्दी-भंगारवाल्याला फोन करून वार आणि वेळ पक्की करा, शक्यतो रविवारी दुपारची, म्हणजे सकाळी काढलेलं दुपारी घराबाहेर. पंधरवडा संपत आला की सगळी सोसायटी त्यालाच बोलावत असते, मग तो भाव खातो. रद्दी देताना पेपर वेगळे, पुठ्ठा वेगळा, पुस्तकं-वह्या वेगळ्या बांधा कारण तिन्हीचा भाव वेगळा असतो आणि सगळं एकत्र दिलंत तर तो सगळ्यात कमी भावाने जोडतो. धातूचं पण तसंच, लोखंड, अॅल्युमिनियम, पितळ, तांबं वेगवेगळं करा, जुन्या कुकरचे काळे दांडे स्क्रू काढून बाजूला करा, तेवढ्यावरून तो वजनात कापायला बसतो. आणि काट्याबद्दल शंका असेल तर वाद घालत बसू नका, घरातली पाच किलो आट्याची न फोडलेली पिशवी त्याच्या काट्याला आधी लावून बघा. बहुतेक वेळा तो हसतो आणि पुढचं सगळं वजन नीट होतं.

कपड्यांसाठी बोहारीण अजून येत असेल तुमच्या भागात तर उत्तमच, जुने कपडे घेऊन भांडं देणारी ही पद्धत कुठल्याही अॅपपेक्षा जुनी आणि पक्की आहे. फक्त तिच्याशी घासाघीस करायला घरातलं जे माणूस त्यात वाकबगार आहे त्यालाच पुढे करा, आणि बदल्यात प्लास्टिकचा टब घेऊ नका, नाहीतर पसारा गेला तेवढाच परत आला. ती येत नसेल तर गूंजसारखी संस्था आहे, १९९९ पासून त्यांचं कपड्यांवर काम चाललंय. शहरातले वापरता येण्यासारखे कपडे ते गावोगाव पोचवतात, आणि तेही नुसतं वाटप नाही, गावकऱ्यांनी आपल्या गावचं काही काम करायचं आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे. मऊ सुती कापडाचे ते पाळीसाठी पॅड पण बनवतात. पुण्यात असाल तर स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, जुनं सामान, कपडे, ई-कचरा गोळा करायचे त्यांचे उपक्रम होत असतात, सोसायटीने मिळून विचारलं तर जास्त सोयीचं पडतं.

घरी कामाला येणाऱ्या मावशींना द्यायचं असेल तर आधी विचारा. "मावशी हे घेऊन जा" म्हणून फाटकी चादर आणि झाकण नसलेला डबा हातात दिला की त्या बिचाऱ्या नाही म्हणत नाहीत, पण ते त्यांच्याही दहा बाय दहाच्या खोलीत अडगळच होते. जे आपण आपल्या बहिणीला दिलं असतं तेच त्यांना विचारायचं, एवढा हिशोब ठेवा.

स्वयंपाकघर

इथून सुरू करा कारण इथे भावनिक काही फारसं नसतं आणि निकाल लगेच दिसतो. पहिलं काम डबे. घरातले सगळे, म्हणजे सगळेच, प्लास्टिकचे डबे आणि झाकणं हॉलमध्ये जमिनीवर मांडा, ट्रॉलीतले, ओट्याखालचे, फ्रीजवरचे, बाल्कनीत कडधान्य भिजवायला नेलेले. मग झाकणं लावायला घ्या, घरातल्या पोरांना बसवा, त्यांना मजा येते. ज्या डब्याला झाकण नाही आणि ज्या झाकणाला डबा नाही ते सरळ सुक्या कचऱ्यात. "कणीक भिजवायला होईल" वगैरे काही नाही, कणकेला परात आहे. हॉटेलच्या पार्सलचे काळे-पांढरे डबे आणि आईस्क्रीमचे डबे ह्यातले मोजके ठेवा, पाहुण्यांना जाताना लाडू-चिवडा बांधून द्यायला ते खरंच लागतात, डबा परत येईल का ही काळजी राहत नाही. बाकीचे काढा. संक्रांतीच्या वाणात आलेल्या वाट्या, चाळण्या, साबणाच्या डब्या, छोट्या परड्या ह्यांचं तर एक वेगळंच विश्व असतं, त्यातलं न वापरलेलं वेगळं काढून ठेवा, पुढच्या संक्रांतीला उपयोगी येईल, फक्त कुणाकडून काय आलं ते चिठ्ठीवर लिहून आत टाका नाहीतर जिच्याकडून आलं तिलाच परत जायचं!

स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात, अमुक यांजकडून सप्रेम भेट आणि खाली तारीख, त्यामुळे ती काढवत नाहीत. माझा उपाय सोपा आहे, नाव असलेलं एखादं रोजच्या वापरात घ्या, आजीच्या नावाची वाटी रोज आमटीला वापरली तर आजीची आठवण माळ्यावरच्या पोत्यापेक्षा जास्त येते. बाकीचे एकावर एक बसवलेले ग्लास, वाकडी ताटं, कोटिंगचे टवके उडालेला नॉनस्टिक तवा, ढिल्या झालेल्या कुकरच्या रिंगा, बंद पडलेल्या मिक्सरची भांडी, हे काढा. पितळी पातेली मात्र घाईने मोडीत देऊ नका. कल्हई करणारा मिळत असेल तर करून घ्या आणि वापरा, आणि द्यायचीच असतील तर रस्त्यावर फिरणाऱ्याला न देता भांड्यांच्या दुकानात दोन ठिकाणी भाव विचारून द्या.

धान्य-डाळींचे डबे रिकामे करताना तळाचं जुनं आणि वरचं नवीन एकत्र झालेलं असतं, तिथेच पोरकिडे लागतात. चाळून उन्हात टाका, जे नुसतं किडलंय ते पक्ष्यांना. मसाल्यांच्या अर्ध्या पुड्या रबर लावून ठेवलेल्या असतात त्या एकत्र काढा, वास घेऊन बघा, वास गेला असेल तर मसाला गेला.

कपडे

कपाटातलं सगळं एकदम पलंगावर ओतू नका, रात्री झोपायला जागा राहत नाही आणि मग चिडून सगळं कोंबून परत ठेवलं जातं. एक कप्पा काढा, संपवा, मग दुसरा. बारीक झाल्यावर घालू म्हणून ठेवलेल्यातला एक आवडता ठेवा, एकच. ब्लाऊज आधी बघा, साडी नंतर. ज्या साडीचा ब्लाऊज आता होत नाही आणि उसवायला शिलाईत कापड पण नाही ती साडी आपोआप मागे पडते, एक तर ब्लाऊज शिवायला टाका नाहीतर साडी कुणाला द्या.

आहेरात आलेली शर्टपीस, टॉवेल-टोप्या, ब्लाऊजपीस ह्यांचा गठ्ठा प्रत्येक घरात असतो आणि तो आपण वापरत नाही, नुसता पुढे सरकवतो. त्याची एक पिशवी करा, एका जागी ठेवा, नवरात्रात ओट्या भरायला लागतातच तेव्हा त्यातून काढा. बाजारातून नवीन आणायच्या आधी ही पिशवी बघायची, एवढा नियम केला तरी पुष्कळ.

पैठण्या आणि रेशमी साड्या ह्या पसाऱ्यात धरू नका, पण काढा मात्र नक्की. सावलीत वारा द्या, घडी बदला नाहीतर जरीचे धागे घडीवर तुटतात, डांबराच्या गोळ्या थेट कापडाला लागू देऊ नका, आणि प्लास्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या सुती धोतरात किंवा ओढणीत गुंडाळून ठेवा. जुन्या खऱ्या जरीच्या साड्या फाटल्या असतील तरी बोहारणीला देऊ नका, जरीत चांदी असते आणि जर विकत घेणारे वेगळे असतात.

मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी करायची असेल तर आत्ताच द्या, थंडी पडेपर्यंत हातात येते. मध्यम आकाराच्या एका गोधडीत चार-सहा साड्या सहज जिरतात. सिंथेटिक साडी आत घालू नका, सरकते आणि ऊब पण येत नाही. आणि फडक्यांसाठी जुने बनियन किती ठेवणार? एक पिशवी पुरे, दोन घरं पुसायची नाहीयेत.

माळा

माळ्याचं काम सकाळी, पोट भरून, तोंडाला रुमाल बांधून आणि दोघांनी मिळून. एक वर, एक खाली. खुर्चीवर स्टूल ठेवून त्यावर एकट्याने चढणं बंद करा, वय काहीही असो.

वर सगळ्यात जास्त काय असतं, तर खोके. टीव्हीचा, मिक्सरचा, मोबाईलचा, ओव्हनचा, आत थर्मोकोलसकट, का तर "शिफ्टिंगला लागेल". वॉरंटीसाठी बिल लागतं, खोका सहसा नाही. बिलाचा फोटो काढा, बिल कागदांच्या फाईलला लावा, खोके फोडून सपाट करा आणि रद्दीत द्या, अर्धा माळा तिथेच मोकळा होतो. ह्याच वेळी मखराचं सामान बघा, तुटलेलं थर्मोकोल आता ठेवण्यात काही अर्थ नाही, सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे, लाकडी-कापडी मखर असेल तर ते एका चादरीत बांधून नाव लिहून ठेवा. आकाशकंदील आणि लाईटच्या माळा खाली काढून प्लगमध्ये लावून बघा, न पेटणाऱ्या माळा कुणीतरी दुरुस्त करेल म्हणून ठेवू नका, तो कुणीतरी येत नाही.

मग येतात जड वस्तू, तांब्याचा बंब, घंगाळ, पाटा-वरवंटा, पाळणा, पत्र्याची ट्रंक. ह्यांचं एकट्याने ठरवू नका नाहीतर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. फोटो काढा, फॅमिली ग्रुपवर टाका आणि सोबत लिहा, ज्याला हवं त्याने पुढच्या रविवारपर्यंत घेऊन जावं. लगेच उत्तरं येतील, "अगं बंब टाकू नकोस गं, त्यावर आपली अख्खी पिढी आंघोळ केलीय". बरोबर आहे, मग घेऊन जा ना! रविवारपर्यंत जो गाडी घेऊन येईल त्याचा बंब. कुणीच आलं नाही तर तुम्ही मोकळ्या, आणि पुराव्याला ग्रुप आहेच.

कागद, नोटा, औषधं, वायरी

कागदांना घाई करू नका, हे काम संध्याकाळी टीव्ही बघत बसून करायचं. खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सातबारा-फेरफार, जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले, मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, चालू विम्याच्या पॉलिसी, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, हे कायम ठेवायचं, कितीही जुनं असलं तरी. इन्कम टॅक्स रिटर्न आणि त्याला जोडलेले कागद सात-आठ वर्षांचे ठेवले की पगारदार माणसाचं सहसा भागतं. लाईटची बिलं, एटीएमच्या पावत्या, संपलेल्या वॉरंटीची कार्डं, लग्नपत्रिका काढा. आधार-पॅनच्या झेरॉक्स आणि बँकेचे कागद रद्दीत तसेच टाकू नका, वडापाव कुठल्या कागदात बांधून मिळेल सांगता येत नाही, नंबर दिसणार नाही असे बारीक फाडा.

साड्यांच्या घड्या, पुस्तकं, देवघरातली डबी झटकताना नोटा निघतातच. दोन हजारची निघाली तर टाकू नका, ती मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेतली तरी अजून वैध आहे, फक्त जवळच्या बँकेत चालत नाही, रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांतच बदलून मिळते, आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूर, किंवा पोस्टाने पाठवून खात्यात जमा करता येते. २०१६ च्या आधीच्या पाचशे-हजारच्या जुन्या नोटांचं मात्र काही होत नाही. आठवण म्हणून ठेवायच्या तर सगळ्या मिळून दहापर्यंत, त्याहून जास्त जवळ बाळगणं कायद्याने गुन्हा आहे, २०१७ चा कायदाच आहे तसा.

औषधांचा डबा पूर्ण उलटा करा. मुदत संपलेल्या गोळ्या, उघडलेली सिरप, डोळ्यांचे उघडलेले ड्रॉप हे बेसिनमध्ये किंवा कमोडमध्ये ओतायचं नाही. मुदतबाह्य औषधं, सीएफएल बल्ब, ट्यूबलाईट, सेल हे सगळं घरगुती घातक कचऱ्यात येतं, वेगळ्या पिशवीत, वर ठळक लिहून कचरावाल्यांच्या हातात द्या. फुटलेली ट्यूब तर कागदात गुंडाळूनच, त्यात पारा असतो आणि उचलणाऱ्याच्या हाताला काच लागते.

वायरींचा ड्रॉवर, म्हणजे जुने चार्जर, बटणवाले फोन, रिमोट, सेटटॉप बॉक्स. जी वायर कशाची आहे हे घरात कुणालाच सांगता येत नाही ती गेली. जुन्या फोनमधून सिम आणि मेमरी कार्ड काढा, फोन चालू होत असेल तर फोटो उतरवून रिसेट करा. बॅटरी फुगली असेल तर दाबू नका, टोचू नका, लगेच वेगळी ठेवा. हे भंगारवाल्याला देण्यापेक्षा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, कारण भंगारात गेलेल्या वायरी बऱ्याचदा तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यात जबाबदारी माल बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे, त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बिनधास्त विचारा.

घरातली माणसं

खरी लढाई इथे. सासूबाई म्हणणार असू दे, लागेल कधीतरी. सासऱ्यांच्या स्क्रू-खिळ्यांच्या डब्याला हात लावला की घरात तीन दिवस शांतता. साधा नियम ठेवा, दुसऱ्याची वस्तू त्याच्या माघारी टाकायची नाही, अजिबात नाही. एकदा का "माझी अमुक वस्तू हिने टाकली" असं झालं की पुढची दहा वर्षं हरवलेली प्रत्येक गोष्ट तुमच्याच नावावर. त्यापेक्षा त्यांना त्यांचा एक कप्पा द्या, तो भरला की नवीन ठेवायला जुनं काढायचं हे त्यांनीच ठरवू दे. मोठ्या माणसांना "हे टाकू का" विचारलं की उत्तर नाहीच येतं, "हे कुणाला द्यायचं" विचारा, मग ते स्वतःच चार नावं सुचवतात आणि फोन पण लावतात.

देवघर सगळ्यात शेवटी आणि घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन. कॅलेंडरवरच्या देवांच्या कापलेल्या तसबिरी, विरलेल्या पोथ्या, मागच्या वर्षांचे प्रसादाचे धागे साठतात आणि टाकवत नाहीत, मग पिंपळाखाली किंवा पुलावरून नदीत. तसं करू नका. फ्रेमची काच आणि लाकूड वेगळं काढून सुक्या कचऱ्यात, कागद बादलीत पाण्यात भिजवून लगदा झाला की कुंडीत किंवा झाडाच्या मुळाशी. काही शहरांत जुन्या तसबिरी नीट विधी करून गोळा करणाऱ्या संस्था आहेत, सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं की कुणीतरी नंबर देतं.

एवढं झालं की मग बादली काढा. वरून खाली, आधी जळमटं, मग माळा, मग फळ्या, फरशी शेवटी, आणि गोधड्या-चादरी कडक ऊन बघून एकाच दिवशी. रिकाम्या झालेल्या फळीवर लगेच काही ठेवायला जाऊ नका, दिवाळीचा फराळ तिथेच ठेवायचाय.

दसऱ्याला नवीन फ्रीज, वॉशिंग मशीन घेणार असाल तर जुनं एक्सचेंजमध्ये घेतात का आणि घरातून उचलून नेतात का हे बिल व्हायच्या आधी विचारून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही. आणि नवीन वस्तूचा खोका, ती वस्तू परत करायची मुदत संपेपर्यंत, बाल्कनीत ठेवा, त्यानंतर रद्दीत. माळ्यावर नाही.